नेवाडातलं गायरान

जगात वाळवंटं पुष्कळ आहेत, पण 'सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान या' असं बजावणारं वाळवंट मला एकच माहीत आहे. ते अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, लास व्हेगसच्या त्या झगमगत्या रस्त्यापासून पश्चिमेला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर आहे. नाव रेड रॉक कॅन्यन. अठरा कोटी वर्षांपूर्वीचे वाळूचे ढिगारे दगड होऊन तिथे उभे आहेत आणि ते कुठेही पळून चाललेले नाहीत. तरीही १ ऑक्टोबर ते ३१ मे या हंगामात सकाळी ८ ते संध्याकाळी ५ पर्यंत तिथल्या रस्त्यावर गाडी घालायची असेल, तर आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. वेळ घेण्याचे २ डॉलर, प्रवेशाचे निराळे. डॉक्टरची फी निराळी आणि केसपेपरचे निराळे, तसं.

आम्ही दक्षिण कॅलिफोर्नियात राहतो. मार्चमध्ये आमच्याकडे काका-काकू आणि मावशी आले. भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना लास व्हेगस दाखवणं हा इकडच्या मराठी घरांचा कुळाचार आहे. वडीलधाऱ्यांना जुगार खेळायचा नसतो, दारू प्यायची नसते, रात्री नऊच्या पुढे जागायचं नसतं. तरी न्यावं लागतं, कारण ओळखीतल्या सगळ्यांनी आपापल्यांना नेलेलं असतं. मग तिथून ग्रँड कॅन्यन. पण त्याच्या दक्षिण काठावर जायचं तर गाडीत चार-साडेचार तास आणि यायला तितकेच. काकूच्या गुडघ्यांनी त्याला नकार दिला. रेड रॉकला एकवीस किलोमीटरचा एकेरी रस्ता आहे, गाडीत बसल्या बसल्या सगळे डोंगर दिसतात. तेव्हा तेच ठरलं.

ठरलं म्हणजे ग्रुप निघाला. आमच्याकडे आधी ग्रुप निघतो, मग त्यात कुठे जायचं याची चर्चा होते. 'रेड रॉक', त्यानंतर 'रेड रॉक फायनल', आणि काका रात्री दोन वाजता प्रश्न विचारू लागल्यावर 'रेड रॉक फायनल २', ज्यात काका नव्हते.

पहिला गोंधळ नावाचाच झाला. नकाशात रेड रॉक शोधलं की तीन ठिकाणं पुढ्यात येतात. एक आपलं. दुसरं कॅलिफोर्नियातच, मोहावी वाळवंटात, अगदी याच नावाचं राज्य उद्यान. आणि तिसरं रेड रॉक नावाचं कॅसिनो-हॉटेल, २००६ साली सुरू झालेलं, तेही खऱ्या रेड रॉकच्या वाटेवरच. माझ्या भाच्याने ग्रुपवर टाकलं ते तिसरं. सगळ्यांनी त्या फोटोंना अंगठे दाखवले. मावशीने 'छान स्वच्छ वाटतंय' असं लिहिलं. डोंगरांच्या जागी बुफे का दिसतोय, असं कोणीही विचारलं नाही. उलट जेवणाचा प्रश्न सुटला म्हणून जो तो खूश होता.

मावशीचा कुठल्याही सहलीला प्रश्न एकच असतो. 'तिथे सोय आहे का?' हिमालय असो की मंगळ, तिला बाकी काही जाणून घ्यायचं नसतं. उत्तर जरा नाजूक होतं. सोय आहे, पाणी नाही. थांब्यांवर जी स्वच्छतागृहं आहेत ती कोरडी. खाली खड्डा, वर खोली, आत कागद, नळ नाही. पाणी भरून घ्यायचं ते सुरुवातीला माहिती केंद्रापाशी. मावशीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पाण्याच्या यादीत माणशी एक बाटली वाढवली. ती कशासाठी हे तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पाण्याचा हिशेब तसाही मोठाच होता. वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी बरोबर ठेवा, असा तिकडचा दंडक आहे. आम्ही सहा जण. काकूला हा आकडा उधळपट्टीचा वाटला. तिच्या मते ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला की पुरतो. तडजोड म्हणून दोन्ही घ्यायचं ठरलं.

आता काकांकडे वळलं पाहिजे, कारण या सहलीचा ताबा शेवटी त्यांच्याकडेच गेला.

काका सातारा जिल्ह्यात तलाठी म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी कशालाही चांगलं म्हटलं नव्हतं. समुद्र पाहून 'आपल्याकडे गणपतीपुळ्याला आहे की' म्हणाले. डिस्नेलँड पाहून 'जत्राच' म्हणाले. वय ७६. आपल्याकडे २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, त्यामुळे कुठलंही तिकीट काढताना आपल्याला ते लागू नाही अशी त्यांची खात्री असते. अमेरिकेतही बासष्टीच्या पुढच्यांना सरकारी उद्यानांचा स्वस्तातला पास मिळतो. मात्र तो नागरिकांना किंवा कायम रहिवाशांनाच. काकांनी नियम माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हणजे नुसता म्हातारा असून चालत नाही? इथलाच म्हातारा पाहिजे?"

"काका, माझा वर्षाचा पास आहे. गाडीतल्या सगळ्यांचं त्यात भागतं. फक्त वेळ घ्यायचे दोन डॉलर पडतील."

"दोन डॉलरची पावती मिळते का?"

पावती मोबाइलवर आली. काकांनी चष्मा चढवून ती वाचायला घेतली, आणि तिथे त्यांना खात्याचं नाव दिसलं. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट.

"हे वनखातं का?"

"नाही. जंगलखातं निराळं आहे."

"पर्यटन महामंडळ?"

"तेही नाही. सरकारच्या पडीक जमिनी असतात ना, त्या हे खातं सांभाळतं. चराई, खाणी, मोजणी, जुने दस्त, सगळं यांच्याकडे."

काका खुर्चीत सरळ होऊन बसले. इतके दिवस परमुलखात हिंडून त्यांना अचानक गाववाला भेटला होता. "अरे, हे तर महसूल!" ते म्हणाले. आणि चहा पुन्हा ठेवायला सांगितला.

पुढचे काही दिवस आमच्या घरात वाळवंटापेक्षा त्याच्या दप्तराची जास्त चर्चा झाली. काकांना माहिती पुरवणं हे माझं काम, त्यावर शेरा मारणं हे त्यांचं. या खात्याचं मूळ १८१२ साली निघालेल्या जमीन कचेरीत आहे. १९४६ मध्ये ती कचेरी आणि चराईचं खातं एकत्र करून आजचं खातं झालं. ताब्यात सुमारे साडेचोवीस कोटी एकर जमीन. एकट्या नेवाडात पावणेपाच कोटी एकरांच्या आसपास, म्हणजे राज्याचा दोन तृतीयांश भाग. आणि नेवाडा आपल्या महाराष्ट्राहून थोडंसंच लहान. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्याला तलाठी किती?"

रेड रॉकचं क्षेत्र १,९५,८१९ एकर आहे. काकांनी ते तोंडी चाळिसाने गुणलं आणि ७८,३२,७६० गुंठे असं पावतीच्याच मागे लिहिलं, म्हणजे पावतीचा मी काढून दिलेला प्रिंट होता त्याच्या मागे. मोबाइलवरच्या पावतीला मागची बाजू नसते, आणि मागची बाजू नसलेल्या कागदावर काकांचा विश्वास नाही.

"आणि अतिक्रमण?"

"तिथे नाही."

"एवढी सरकारी जमीन, रस्त्याला लागून, शहराला खेटून. आणि एक सभामंडप नाही? एक पतसंस्था नाही? वाचनालयाची पाटीसुद्धा नाही?"

शहर मात्र खरंच खेटून आलं आहे. हॉवर्ड ह्यूजेस या अब्जाधीशाच्या कंपनीची रेड रॉकला लागून जमीन होती. १९८८ मध्ये तिने त्यातली काही सरकारला देऊन बदल्यात डोंगरापासून लांबची जमीन घेतली, आणि दोन वर्षांनी, १९९० मध्ये, रेड रॉकला राष्ट्रीय संवर्धन क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्या अदलाबदलीचा फेरफार कोणी मंजूर केला असेल, यावर काकांनी एक अख्खी संध्याकाळ विचार केला.

खरा आनंद त्यांना मोजणीत झाला. अमेरिकेने १७८५ साली ठरवलं की सरकारी जमिनीचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडायचे, त्या प्रत्येकाचे छत्तीस तुकडे, तुकडा ६४० एकरांचा. डोंगर येवो, दरी येवो, नदी येवो, रेघ सरळ. ज्या माणसाने आयुष्यभर 'ओढ्याच्या काठाने चिंचेपर्यंत आणि तिथून बांधाने वर' असल्या हद्दींवरून चाललेली भांडणं सोडवली, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल! "चिंच नाहीच का कुठे?" त्यांनी हळूच विचारलं. आणि मोजायची साखळी ६६ फुटांची होती म्हटल्यावर ते उठूनच उभे राहिले. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे बरोब्बर अर्धी साखळी. "इंग्रजाने दोन्हीकडे एकच साखळी ओढली रे," ते म्हणाले. इतक्या दिवसांत अमेरिकेबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला आपुलकीचा उद्गार.

चराईचा दरही त्यांना पसंत पडला. एक गाय वासरासह, किंवा एक घोडा, किंवा पाच शेळ्या-मेंढ्या, यांचं एका महिन्याचं चरणं हे एक माप. त्याला बरीच वर्षं १.३५ डॉलर पडत होते. वासरू गायीत धरलंय, हे माणुसकीचं आहे, असा शेरा पडला. १८७२ चा खाणकायदा अजून चालू आहे आणि सरकारी जमिनीतून सोनं काढलं तरी त्यावर केंद्राला रॉयल्टी नाही, हे मात्र मी सांगायला नको होतं. मुरमाच्या एकेका ब्रासवर रॉयल्टी वसूल केलेला माणूस. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना बंकरव्हिलची गोष्ट सांगितली. हे गावही नेवाडातच, लास व्हेगसच्या ईशान्येला. तिथल्या क्लायव्हन बंडी नावाच्या पशुपालकाने १९९३ पासून चराई भरणंच बंद केलं. खातं एकवीस वर्षं नोटिसा, कोर्ट, हुकूम करत राहिलं. शेवटी एप्रिल २०१४ मध्ये त्याची जनावरं गोळा करायला गेलं, तर समोर बंदुका घेतलेली माणसं उभी राहिली. खात्याने धरलेली जनावरं सोडून दिली आणि माघार घेतली.

काका मान हलवत म्हणाले, "एकवीस वर्षं थकबाकी म्हणजे सुरुवातीलाच चुकलं. आणि पंचनामा कच्चा असणार."

"पंचनामा कुठून आला यात, काका? बंदुका होत्या समोर!"

"बंदुका नंतर येतात. आधी कागद कच्चा असतो."

मी हसलो, पण पुढे काय झालं ते वाचल्यावर गप्प बसलो. खटला उभा राहिला, आणि जानेवारी २०१८ मध्ये न्यायाधीशांनी तो रद्द केला, कारण सरकारी वकिलांनी बचाव पक्षाला द्यायचे कागद दिले नव्हते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही. नुसतं "हं" म्हणाले.

दरम्यान सहल होतीच. बायकांच्या बाजूला तिचं नियोजन जास्त माणसात होतं. मावशी मूळची रत्नागिरीकडची. लाल डोंगरांचे फोटो पाहून ती म्हणाली, "हा जांभाच. आमच्याकडे याची घरं बांधतात." जांभा तो नव्हे. हा वालुकाश्म, तो निराळ्या रीतीने झालेला. पण दोघांना लाल करणारं लोखंड सारखंच, त्यामुळे मी वाद घातला नाही. घरं बांधायचं मात्र तिथल्या लोकांनाही सुचलं होतं. १९०५ ते १९१२ या काळात तिथे दगडाची खाण चालली आणि मग वाहतूक परवडेना म्हणून बंद पडली. कापून ठेवलेले प्रचंड चिरे अजून तिथेच पडून आहेत. "गाडी मोठी घ्यायची का?" असं मावशीने विचारलं. ती थट्टा होती असं मी धरून चाललो आहे.

तिथल्या डोंगरांत एक विचित्र प्रकार आहे. खाली लाल थर, वर राखाडी, आणि वरचा राखाडी चुनखडक खालच्या लालपेक्षा कोट्यवधी वर्षांनी म्हातारा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला सह्याद्रीचा कातळ लाव्हारसातून थिजत होता त्याच सुमाराला, तिकडे जमीन रेटली जाऊन म्हातारा थर तरुण थराच्या डोक्यावर जाऊन बसला. माझ्या भाच्याने हे वाचून गाडीत पुढच्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

वहिनीला जवळच्या स्प्रिंग माउंटन रँचमध्ये रस होता, कारण तिथे व्हेरा क्रुप ही जर्मन धनवंतीण राहायची आणि १९५९ मध्ये दरोडेखोरांनी तिच्या बोटातली ३३ कॅरटची हिऱ्याची अंगठी ओरबाडून नेली. हिरा पुढे सापडला. १९६८ मध्ये तो रिचर्ड बर्टनने एलिझाबेथ टेलरसाठी घेतला. एवढी अंगठी घालून ती त्या रानात काय करायची, हे काकूला पडलेलं कोडं अजून सुटलेलं नाही.

जनावरांचा विषय निघाला तेव्हा घर पुन्हा दोन तटांत विभागलं. रेड रॉकच्या आसपास जंगली गाढवं हिंडतात. खाण शोधणाऱ्यांनी आणलेल्या गाढवांची ती अवलाद. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि त्यांना खायला घालायला बंदी, कारण खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली सापडतात. मावशी पहिली पोळी गायीला काढणारी. परदेशात गाय मिळत नाही म्हणून इतके दिवस तिला चुकल्यासारखं होत होतं. गाढवं आहेत म्हटल्यावर तिने पोळ्यांच्या हिशेबात चार जास्त धरल्या होत्या. बंदी आहे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. गाढवं फार झाली की हेच खातं ती धरून आवारात ठेवतं आणि लोकांना पाळायला देतं, असं मी सांगितलं. "कोंडवाडा!" काका आतल्या खोलीतून ओरडले.

कासवाचं प्रकरण काकूने हाती घेतलं. वाळवंटातलं कासव थंडीत बिळात झोपतं आणि वसंतात बाहेर येतं. त्या भागात मोहावी मॅक्स नावाचं एक सरकारमान्य कासव आहे. ते कोणत्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी बाहेर येईल याचा अंदाज क्लार्क काउंटीतल्या शाळांची मुलं बांधतात, आणि ज्याचा अंदाज सगळ्यात जवळ जातो त्याला बक्षीस असतं. काकूने येताना कालनिर्णय आणलंच होतं. अमावास्येला येणार नाही, एवढं तिने छातीठोक सांगितलं. रानातलं कासव दिसलं तर उचलू नका, ही सूचनाही तिला मी वाचून दाखवली. घाबरलं की ते साठवून ठेवलेलं पाणी सोडून देतं आणि मग तहानेने मरू शकतं. "बिचारं," काकू म्हणाली, आणि मावशीकडे बघून पुढे म्हणाली, "त्याचीही सोय नाही."

राहता राहिली वेळ. आमच्या घरापासून रेड रॉक सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर. आठची वेळ गाठायची तर पहाटे तीनला निघावं लागेल, म्हणून मी ती बदलून दुपारी एकची घेऊ म्हटलं. तिन्ही ज्येष्ठांनी एकमुखाने पहाटे तीन पसंत केले. उन्हाच्या आत पोचू, रस्ता मोकळा मिळेल, आणि दशम्या वाटेत खाता येतील. पहाटे तीनला निघायचं म्हणजे रात्री एकला उठायचं, म्हणजे झोपायचंच कशाला, असा तो विचार पुढे सरकत गेला. शेवटी आदल्या रात्री लास व्हेगसला मुक्काम करायचा ठराव झाला, तोही तिथे 'नऊला दिवे बंद' या अटीवर. त्या शहरात ही अट पाळणारे बहुधा आम्हीच.

एकेरी रस्त्याचं मात्र नीट समजावून सांगावं लागलं. एखादा थांबा चुकला की मागे वळता येत नाही, पूर्ण वळसा घालून पुन्हा फाटकाशी. म्हणून थांबे लिहून काढले. लाल टेकड्या, खाण, उंचावरून देखावा, विलो स्प्रिंग्जला दशम्या आणि तिथल्याच कातळावरचे जुन्या मूळ रहिवाशांच्या हातांचे ठसे. ते लांबून बघायचे, हात लावायचा नाही.

काकांना यातलं काहीच नको होतं. त्यांनी एकच मागणी नोंदवली.

"मला हद्दीचा दगड बघायचा."

"दगड नसतो काका. खांबावर पितळी टोपी असते. वर चौकोनांचे नंबर कोरलेले असतात."

"तीच. हलवली तर?"

"गुन्हा आहे."

"आपल्याकडेही गुन्हाच आहे," काका म्हणाले. "म्हणूनच म्हणतो, जागेवर आहे का ते बघायला पाहिजे."

नकाशावर एक कोपरा रस्त्यापासून फार लांब नाही असं दिसतं. काकांनी बॅगेत फीत टाकली आहे, टोपी टाकली आहे, आणि त्या प्रिंटची एक झेरॉक्सही. 'रेड रॉक फायनल २' वर आज सकाळी शेवटचं वेळापत्रक आलं. त्यात लिहिलंय : ११.४० ते १२.१०, काका हद्द तपासतील. बाकीच्यांनी गाडीत बसावं. चिवडा फोडू नये.